क्रूझच्या सहलीत परदेशातून स्वस्त व्हॅनिला आणावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरमध्ये घरगुती बेकिंगचे वर्ग घेताना दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी संपली की एक प्रश्न हमखास समोर येतो. कोणी मॉरिशसहून निघणाऱ्या क्रूझवर जाऊन आलेले असते, कोणी अमेरिकेतल्या मुलाकडे राहून त्याच्याबरोबर कॅरिबियन बेटांची फेरी करून आलेले असते, आणि बंदरावरच्या दुकानातून आणलेली व्हॅनिलाची भली मोठी बाटली पिशवीतून बाहेर निघते. ती कशी वापरायची, केकमध्ये किती घालायची, इतकी स्वस्त कशी मिळाली, असे प्रश्न विचारले जातात. खरे तर हे प्रश्न बाटली घेण्याआधी पडायला हवेत, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

बंदरावर व्हॅनिला इतका स्वस्त कसा मिळतो?

खरा व्हॅनिला स्वस्त असणे का अवघड आहे, हे आधी समजून घेतले तर या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. व्हॅनिला हे एका ऑर्किडच्या वेलीचे फळ आहे. ही वेल मूळची मेक्सिकोची. आजच्या व्हेराक्रुझ राज्यातील पापान्तला भागात राहणारे तोतोनाक लोक तिच्या शेंगा पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. तिचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते. मेक्सिकोबाहेर नेलेल्या वेलींना फुले येत, परंतु शेंगा जवळजवळ धरतच नसत. १८४१ मध्ये हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातील पडदा उचलून, अंगठ्याने पराग दाबून परागीभवन करण्याची सोपी रीत शोधली. आज जगभरच्या बागांत हीच रीत वापरली जाते, म्हणजे प्रत्येक फुलाला त्याच्या एकाच दिवशी माणसाचा हात लागावा लागतो.

त्यानंतर शेंग वेलीवर पिकायला सुमारे नऊ महिने लागतात. तोडलेल्या हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतो. तिला गरम पाण्यातून काढणे, घोंगडीत गुंडाळून घाम आणणे, रोज थोडा वेळ उन्हात ठेवणे आणि मग पेट्यांत मुरवणे हे काम काही महिने चालते, आणि साधारण पाच ते सहा किलो हिरव्या शेंगांपासून एक किलो तयार शेंगा हाती येतात. आपल्याकडे आंब्याची अढी लावणाऱ्याला रोज हात घालून फळ पाहावे लागते, तशीच ही निगराणी आहे, फक्त कितीतरी अधिक दिवसांची.

आता हिशेब करावा. अमेरिकेच्या मानकानुसार साध्या तीव्रतेच्या एक लिटर व्हॅनिला अर्काला सुमारे १०० ग्रॅम शेंगा आणि किमान ३५ टक्के अल्कोहोल लागते. चांगली शेंग साधारण तीन ते चार ग्रॅमची असते, म्हणजे एका लिटरमागे पंचवीस ते तेहतीस शेंगा झाल्या. त्याच बंदरावर, त्याच दुकानात दहा शेंगांचा भाव विचारावा आणि त्याची अडीच ते सव्वातीन पट करावी. लिटरभर ‘शुद्ध’ अर्काची बाटली त्या रकमेपेक्षाही स्वस्त असेल, तर तिच्यात सांगितले आहे ते नाही. घाऊक भावाची थोडी सूट मोजली तरी अल्कोहोल, बाटली, मजुरी आणि दुकानदाराचा नफा यांना कोठेतरी जागा हवीच. मला ठाऊक असलेल्या सर्व कसोट्यांमध्ये ही सर्वांत भरवशाची आहे, आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही.

मग त्या बाटलीत असते तरी काय?

बहुतेक वेळा पाणी, साखर किंवा कॉर्न सिरप, कॅरामलचा रंग आणि कृत्रिम व्हॅनिलिन. व्हॅनिलिन हा व्हॅनिलाच्या सुगंधातील मुख्य घटक. तो १८७४ मध्ये जर्मनीतील टीमान आणि हारमान या रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केला आणि तेव्हापासून तो मोठ्या प्रमाणावर बनतो. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या व्हॅनिला इसेन्सच्या छोट्या बाटलीतही मुख्यतः हेच असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कृत्रिम व्हॅनिलिन म्हणजे विष नव्हे. मान्य प्रमाणात ते सुरक्षित आहे आणि त्याच्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती कृत्रिम पदार्थ ‘शुद्ध’ म्हणून विकण्याची, आणि त्याहून मोठी चिंता आहे ती पुढच्या प्रश्नातल्या पदार्थाची.

कूमारिन म्हणजे काय, आणि त्याची एवढी धास्ती का?

दक्षिण अमेरिकेत टोंका नावाचे झाड असते. त्याच्या काळ्या, सुरकुतलेल्या बियांना व्हॅनिलासारखाच, पण अधिक भडक वास असतो. त्या वासाचे कारण म्हणजे कूमारिन हे रसायन. टोंकाच्या बिया व्हॅनिलाच्या शेंगांपेक्षा पुष्कळ स्वस्त असल्यामुळे मेक्सिको आणि कॅरिबियन भागातील स्वस्त ‘व्हॅनिला’त त्यांचा अर्क मिसळला जाण्याचे प्रकार अनेक दशके होत आले आहेत.

प्राण्यांवरील प्रयोगांत कूमारिनमुळे यकृताला इजा झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने १९५४ मध्ये अन्नपदार्थांत ते घालण्यास बंदी केली. भारतातही अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत स्वादद्रव्य म्हणून वापरण्यास मनाई असलेल्या पदार्थांच्या यादीत कूमारिन, डायहायड्रोकूमारिन आणि टोंका बी ही नावे आहेत. म्हणजे क्रॉफर्ड मार्केटमधल्या बेकिंगच्या दुकानाने जे विकायचे नाही, तेच आपण परदेशातून हौसेने घरी आणण्याची शक्यता असते.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम एवढी मर्यादा सुरक्षित मानली आहे. साठ किलोच्या माणसाला सहा मिलिग्रॅम. जाता जाता सांगायचे तर, बाजारात दालचिनी म्हणून मिळणाऱ्या जाड सालीच्या कॅसियातही कूमारिन असते आणि श्रीलंकेच्या पातळ, कुरकुरीत दालचिनीत ते अगदी नगण्य असते. मसाल्याला चिमूटभर वापरणाऱ्यांनी घाबरू नये, पण रोज चमचाभर दालचिनी पाण्यातून घेणाऱ्यांनी कोणती घेतो हे पाहावे.

घरात कोणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर?

तर ती बाटली स्वयंपाकघरात ठेवूच नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कूमारिनयुक्त व्हॅनिलाबाबत रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना विशेष सावध केले आहे, कारण दोहोंच्या संयोगाने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आजी-आजोबांच्या वाढदिवसाचा केक आपण त्यांच्यासाठीच करतो. ज्यात काय आहे हे खात्रीने सांगता येत नाही, ते त्यात घालू नये. यकृताचा विकार असलेल्यांनाही हेच लागू आहे.

लेबलवर काय पाहावे?

‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ हे समोरचे मोठे शब्द सोडून द्यावेत आणि बाटली उलटी करून घटकांची यादी पाहावी. यादीच नसेल तर बाटली परत फडताळावर ठेवावी. यादी असेल तर तिच्यात व्हॅनिलाच्या शेंगा आणि अल्कोहोल यांचा उल्लेख हवा आणि अल्कोहोलची टक्केवारी लिहिलेली हवी. कूमारिन किंवा टोंका ही नावे असतील तर पुढे विचार करण्याचे कारण नाही, परंतु ती नसली म्हणून खात्री झाली असे मात्र समजू नये, कारण मिसळणारा ते छापत नाही.

मेक्सिकोत लेबल स्पॅनिशमध्ये असते आणि तेथे व्हॅनिलाला ‘बायनिया’ म्हणतात. ‘एक्स्त्राक्तो’ म्हणजे अर्क, तर ‘साबोरिसान्ते आर्तिफिसिआल’ म्हणजे कृत्रिम स्वाद. रेयुनियन आणि मादागास्करमध्ये फ्रेंच दिसते. तेथे ‘गूस’ म्हणजे शेंग, ‘एक्स्त्रे’ म्हणजे अर्क आणि ‘आरोम’ म्हणजे नुसता स्वाद. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून घेणे सोपे आहे, पण बंदरावर नेटवर्क मिळेलच असे नाही, म्हणून त्या भाषा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवाव्यात.

पाण्यासारखा रंगहीन ‘व्हॅनिला’ बहुतेक वेळा कृत्रिम असतो. खरा अर्क अंबरासारख्या तपकिरीपासून गडद तपकिरीपर्यंत असतो. डांबरासारखा काळा आणि दाट दिसला तर त्यात रंग व सिरप घातलेले असण्याचा संभव अधिक.

नुसत्या वासावरून कळते का?

सरावाने थोडेफार कळते. माझ्या मावशीने कॅरिबियनमधील एका बंदरावरून आणलेली लिटरची बाटली आम्ही तिच्या गिरगावच्या घरी उघडली तेव्हा पहिल्याच क्षणी खोलीभर वास पसरला आणि सर्वांना तो फार आवडला. एक थेंब बशीत टाकून पाच मिनिटे थांबल्यावर मात्र त्यात कडू बदामाची आणि वाळत घातलेल्या गवताची छटा जाणवू लागली, आणि बशी तिरपी केली तेव्हा थेंब पाकासारखा हळू सरकला. खरा अर्क पाण्यासारखा पातळ असतो, आधी अल्कोहोलचा झणका देतो, आणि मग लाकूड, गूळ, मनुका अशा एकामागून एक छटा उलगडतात. ती बाटली आम्ही वापरली नाही. मावशीला वाईट वाटले, कारण तिने ती आम्हा सर्वांना वाटण्यासाठी एवढ्या लांबून सांभाळून आणली होती.

वासाची ही कसोटी संशय घेण्यापुरती ठीक आहे. कूमारिन नाही याची हमी फक्त प्रयोगशाळाच देऊ शकते.

मग परदेशातून आणावे तरी काय?

शेंगा. माझे सर्व म्हणणे या एका शब्दात येते. बाटलीत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, शेंग मात्र हातात घेऊन, वाकवून, हुंगून पारखता येते. ती वजनाला हलकी असते, सांडत नाही, आणि तिचा अर्क घरी करता येतो.

चांगली शेंग गडद तपकिरी, तेलकट चकाकीची आणि पंधरा सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब असते. बोटाभोवती गुंडाळली तर ती तुटत नाही आणि सोडल्यावर बोटाला किंचित चिकटपणा आणि वास राहतो. वाळलेल्या काडीसारखी कडकन मोडणारी शेंग जुनी असते. फार ओली आणि फुगीर शेंग बुरसण्याचा धोका असतो, आणि आपण पाण्याच्या वजनाचे पैसे देतो ते वेगळेच.

शेंगेवर पांढरे काही दिसले तर घाई करू नये. काही उत्तम शेंगांवर व्हॅनिलिनचे सुईसारखे बारीक स्फटिक येतात. उजेडात धरले की ते चमकतात आणि वास अधिकच गोड असतो. बुरशी मात्र मंद, कापसासारखी असते आणि दमट कपाटासारखा वास मारते. मादागास्करच्या शेंगांवर कधीकधी टाचणीने टोचल्यासारख्या ठिपक्यांची खूण आढळते. ती खोट नव्हे. शेंगांची चोरी इतकी होते की शेतकरी हिरव्या शेंगेवरच आपली खूण गोंदून ठेवतात. चोरीच्या भीतीने वेळेआधी तोडलेल्या शेंगा मात्र बारीक आणि कमी वासाच्या निघतात, आणि बंदराच्या फाटकाशी जुडीच्या जुडी विकल्या जाणाऱ्या अतिस्वस्त शेंगा बऱ्याचदा त्यांतल्याच असतात.

कोणत्या बंदरावर खरेदी करण्यासारखी असते?

मुंबईकरांना सोयीची वाट म्हणजे मॉरिशसपर्यंत विमान आणि तेथून हिंदी महासागरातील क्रूझ. अशा फेऱ्यांमध्ये रेयुनियन आणि मादागास्करचे नोसी बे किंवा दिएगो सुआरेझ ही बंदरे असतात. मादागास्कर हा जगातील सर्वांत मोठा व्हॅनिला उत्पादक देश आहे, आणि मादागास्कर, रेयुनियन व कोमोरोस येथील व्हॅनिलाला ‘बुर्बों’ म्हणतात, कारण रेयुनियनचे जुने नाव तेच होते. रेयुनियनमध्ये भाव चढे असतात, पण ब्रा-पानों येथील व्हॅनिला सहकारी संस्थेसारख्या ठिकाणी शेंग कशी मुरवतात हे डोळ्यांनी पाहून घेता येते. मी स्वतः तेथे चार पैसे जास्त देईन.

मेक्सिकोच्या कोसुमेल किंवा कोस्टा माया या बंदरांवर पर्यटकांसाठी मांडलेल्या बाटल्यांच्या रांगा टाळाव्यात. मेक्सिकोचा व्हॅनिला वाईट आहे असे मुळीच नाही. तो देश व्हॅनिलाचे माहेर आहे आणि ‘पापान्तला व्हॅनिला’ या नावाला तेथे भौगोलिक संरक्षणही आहे. पण पापान्तला या बंदरांपासून दूर, मेक्सिकोच्या आखाताच्या दुसऱ्या अंगाला आहे, हे ध्यानात ठेवावे. बहामासारख्या बेटांवर विकला जाणारा व्हॅनिला बहुधा बाहेरूनच आलेला असतो.

ताहितीकडे जाणारे आपल्यातले थोडे. पण तेथील शेंग वेगळ्या जातीची, जाड आणि फुलासारख्या वासाची असते. जमल्यास दोन आणाव्यात.

मुंबईहूनच सुटणाऱ्या क्रूझवर मिळेल का?

बॅलार्ड पिअरवरून गोवा, लक्षद्वीप किंवा कोचीकडे जाणाऱ्या फेरीत परदेशी व्हॅनिला मिळणार नाही. मात्र व्हॅनिला केरळ आणि कर्नाटकातही पिकतो. २००० नंतरच्या दोन-चार वर्षांत मादागास्करमधील वादळानंतर भाव आकाशाला भिडले तेव्हा दक्षिणेतील अनेक शेतकऱ्यांनी सुपारीच्या बागांत हे वेल चढवले, आणि पुढे भाव कोसळल्यावर पुष्कळांनी ते उपटून टाकले. जे टिकले त्यांच्या शेंगा आजही मिळतात. केवळ व्हॅनिलासाठी परदेशी जाण्याची गरज नाही.

किती आणाव्यात?

वर्षभर महिन्यातून दोनदा केक किंवा कस्टर्ड करणाऱ्या घराला दहा ते पंधरा शेंगा पुरतात.

विमानात, जहाजावर आणि कस्टममध्ये अडचण येते का?

शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली विमानात हातातल्या सामानात सहसा चालत नाही. अर्कात अल्कोहोल असल्याने बंदरावरून जहाजावर परतताना सुरक्षा तपासणीत ती बाजूला काढून सहलीच्या शेवटी परत दिली जाऊ शकते. म्हणून घेण्यापूर्वीच जहाजाच्या स्वागतकक्षात विचारून घ्यावे.

शेंगा हे शेतमालाचे उत्पादन आहे. त्या मूळ पाकिटात, पावतीसह ठेवाव्यात आणि मुंबईत उतरल्यावर कस्टमने विचारल्यास स्पष्ट सांगाव्यात. शंका असेल तर स्वतःहून जाहीर कराव्यात. करमुक्त सामानाची मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून निघण्यापूर्वी ताजा नियम पाहावा. वेलीचा तुकडा किंवा रोप मात्र हौसेनेही आणू नये. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र यांशिवाय रोप आणणे नियमबाह्य आहे, आणि त्याच्याबरोबर येणारी कीड आपल्या बागांचे नुकसान करू शकते.

घरी अर्क कसा करावा?

दहा ग्रॅम शेंगा, म्हणजे साधारण तीन, उभ्या चिरून त्यांचे दोन-तीन तुकडे करावेत आणि स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत १०० मिलिलिटर साध्या व्होडकात बुडवून ठेवावेत. सर्व तुकडे पूर्ण बुडालेले हवेत. बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवून पहिला महिनाभर एक-दोन दिवसांआड हलवावी. दोन महिन्यांत अर्क वापरण्याजोगा होतो, सहा महिन्यांनी तो खरोखर चांगला लागतो. महाराष्ट्रात मद्य विकत घेण्यासाठी आणि जवळ बाळगण्यासाठी परवाना लागतो, हे विसरू नये.

अल्कोहोल घरात आणायचे नसेल तर?

चिरलेली एक शेंग पाव किलो साखरेत पुरून झाकण घट्ट लावावे. दोन-तीन आठवड्यांत साखरेला वास लागतो, आणि ती साखर शिऱ्याला, खिरीला, कस्टर्डला तशीच वापरता येते. दुधात शेंग मंद आचेवर दहा मिनिटे मुरवून तेच दूध आइस्क्रीमला वापरणे ही माझी सर्वांत आवडती रीत. पांढऱ्या आइस्क्रीममध्ये काळे, खसखशीहून बारीक दाणे दिसतात तेव्हा मुले हमखास विचारतात की हे काय पडले आहे. वापरलेली शेंग फेकू नये. धुऊन, पंख्याखाली सुकवून साखरेच्या डब्यात टाकावी.

मुंबईच्या पावसाळ्यात शेंगा कशा टिकवाव्यात?

प्रत्येक शेंग बटर पेपरमध्ये गुंडाळून काचेच्या घट्ट बरणीत, खोलीच्या तापमानाला, गॅसपासून लांब ठेवावी. फ्रिजमध्ये ठेवू नये. तेथे ती कडक होते, आणि बरणी आत-बाहेर करताना साचणाऱ्या दवाने बुरशी धरते. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला कोरड्या हाताने बरणी उघडून पाहावी. एका शेंगेवर बुरशी दिसली तर ती लगेच वेगळी करून टाकून द्यावी. पावसाळ्यापूर्वीच बऱ्याचशा शेंगांचा अर्क घालून टाकणे हा मुंबईत सर्वांत निर्धास्त उपाय आहे.

नेहमीचा इसेन्स मग बंद करावा का?

नाही. नानकटाई, बिस्किटे, चॉकलेट केक यांत भाजण्यामुळे आणि कोकोमुळे बारीक छटा लपतात. तेथे येथील परवानाधारक कंपनीचा साधा इसेन्स पुरतो. खरी शेंग कस्टर्ड, आइस्क्रीम, खीर अशा दुधाच्या पदार्थांसाठी राखावी.

आधीच आणलेली बाटली घरात आहे. तिचे काय करावे?

वर सांगितल्याप्रमाणे घटक, अल्कोहोलची टक्केवारी आणि किमतीचा हिशेब तपासावा. कृत्रिम व्हॅनिलिन असल्याचे स्पष्ट लिहिले असेल आणि उत्पादकाचे नाव-पत्ता असेल तर इसेन्ससारखी जपून वापरता येईल. यादी नसेल, किंवा ‘शुद्ध’ म्हणून लिटरभर अगदी थोड्या पैशांत मिळालेली असेल, तर ती खाण्यात वापरू नये आणि कोणाला भेटही देऊ नये. मावशीची बाटली आम्ही मोरीत ओतून दिली, आणि पुढच्या सहलीत तिने रेयुनियनहून बारा शेंगा आणल्या. त्यांतल्या तीन आज माझ्या कपाटात व्होडकात बुडालेल्या आहेत, आणि बाटलीवर तिच्याच अक्षरात तारीख लिहिलेली आहे.